चष्म्याची काच

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने हट्टाला पेटून शेवटी घरीच लेन्स बनवली. नळी मोडक्या दुर्बिणीची, कडी जुन्या टॉर्चची आणि काच बायकोच्या चष्म्याची. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीचा फोटो तिच्याच काचेतून काढायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

ती असताना मात्र याच काचेवरून त्याने जन्मभर तिचं डोकं खाल्लं होतं. "अगं, लाख वेळा सांगितलं, काचेला अंगठा लावू नकोस! दांडीला धर!" ती हसायची आणि पुन्हा अंगठा लावूनच चष्मा काढायची.

तिच्या चष्म्याच्या डबीतून काच काढल्यावर त्याचा हात सवयीने फडक्याकडे गेला. त्याने काचेवर वाफ सोडली, ती लख्ख पुसली आणि नळीत बसवली.

मुलगी कॅमेऱ्यात डोकावली. "बाबा, किती स्वच्छ दिसतंय! आईला तरी एवढं स्वच्छ कधी दिसलं असेल का?"

म्हाताऱ्याने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. वर्षभर डबीतल्या काचेवर तसाच राहिलेला तिच्या अंगठ्याचा ठसा त्याने आत्ताच, स्वतःच्या हाताने पुसला होता.

त्याने त्या फडक्याची हळूच घडी केली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.