मास्तरांचा पाय

मास्तरांनी अख्ख्या गावाला गाडी चालवायला शिकवली होती. बँकेतल्या कारकुनाला शिकवली, बेकरीवाल्याला शिकवली, डावं-उजवं न कळणाऱ्या एका फोटोग्राफरलाही शिकवून रस्त्यावर सोडलं. बायकोला शिकवायचं म्हटलं की मात्र त्यांना सवडच नसायची. आज नको, उद्या बघू, तुला गरजच काय. शेवटी ती दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली आणि पहिल्या फटक्यात लायसन्स घेऊन आली. हे दुखणं मास्तर अजून कुरवाळत होते.

ती कवळ्या बनवायची. एका डेंटिस्टच्या मागच्या खोलीत, जिथे खिडकी नव्हती आणि प्लास्टरची धूळ नाकात बसायची, तिथे तिने उमेदीची वर्षं लोकांच्या तोंडाचे साचे समोर घेऊन काढली. मेणात एकेक दात रोवायचा, हिरडीचा रंग जमेपर्यंत जीव काढायचा, आणि नाव डेंटिस्टचं. आता हायवेपलीकडच्या मोठ्या लॅबने तिला बोलावलं होतं. चार माणसं हाताखाली, आणि खोलीला खिडकी. सोमवारी रुजू व्हायचं. बस तिकडे जात नाही. गाडी चालवत जायचं, नाहीतर विसरून जायचं.

मास्तरांनी अट घातली. आधी हायवेवर माझ्यासोबत चालवून दाखव. जरा जरी चुकलीस तर सोमवारचं नाव काढायचं नाही. फोटोग्राफरला मोकळं सोडणाऱ्या माणसाची ही अट. तिने मान्य केली, कारण गाडी त्यांची होती, आणि बायकांना परीक्षा द्यायची इतकी सवय लावलेली असते की परीक्षा घेणारा कोण लागून गेला हे विचारायचं राहूनच जातं.

रविवारी सकाळी निघाले. स्कूलचीच गाडी, टपावर पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक. सासूबाई मागे बसल्या. त्यांना जायचं कुठेच नव्हतं. पण मुलगा आणि सून भांडणार असतील तर ते आपल्या देखत व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

बाजूच्या रस्त्यावरून हायवेला लागताना आरशात एक मोठा ट्रक दिसला. लांब होता. तिने अंतर जोखलं, गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला आणि ट्रकच्या पुढे अशी सुबक शिरली की साच्यात दात बसावा. आणि नेमकं पळायच्या वेळी गाडीने मान टाकली. कुठेतरी बारीकसं टूं वाजलं. मग मागून दणका. ढुंगणावर लाथ बसलेल्या गाढवासारखी गाडी पुढे गेली, अर्धी फिरली आणि कडेच्या कठड्याला अंग घासत थांबली.

मागून सासूबाईंनी विचारलं, "मेलो का?"

कोणी मेलं नव्हतं. मागचा बंपर लोंबत होता, एक दिवा फुटला होता, मास्तरांच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. ट्रकला ओरखडासुद्धा नव्हता. ट्रकमध्ये संडासाची भांडी होती, खोक्यांवर चित्रंही छापलेली. सासूबाई बराच वेळ ती चित्रं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, यांच्याखाली गेलो असतो तर लोकांना धड रडताही आलं नसतं.

ट्रकवाला उतरला. ट्रक हत्तीएवढा आणि माणूस काडीएवढा. आधी त्याने सगळ्यांना लागलं का विचारलं, मग तिला म्हणाला, "ताई, शिरलात झकास. मग मध्येच ब्रेक कशाला मारलात?"

"नवीन आहे," उत्तर मास्तरांनी दिलं. "घाबरली."

तिने स्वतःच्या पायाकडे बघितलं. दणका बसला तेव्हा पाय ॲक्सिलरेटरवर होता. होता ना? आता तिलाच खात्री वाटेना. मास्तरांनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. लग्नानंतर इतके गोड ते पहिल्यांदाच बोलत होते. होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस, प्रत्येकाला सगळं जमत नाही, लॅबवाल्यांना आत्ताच कळवून टाक म्हणजे त्यांची खोटी होणार नाही. तिने फोन काढला. नंबरही काढला.

"पण ते टूं काय वाजलं?" सासूबाई म्हणाल्या.

मास्तर म्हणाले, ट्रकचा हॉर्न. ट्रकवाल्याला हे लागलं. तो तडक वर चढला आणि त्याने हॉर्न वाजवला. दिव्याच्या खांबावरचे कावळे उडाले. सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. हा तर रेडा आहे, त्या म्हणाल्या, आपलं चिलटासारखं होतं.

तिने फोन खाली घेतला. चिलट तिला माहीत होतं. परीक्षेच्या वेळी शिकवणाऱ्याने गुपचूप मदत करू नये म्हणून असल्या गाड्यांत एक बझर असतो. जादा ब्रेक दाबला की तो वाजतो. मास्तर एरवी तो बंद ठेवत. काल एका मुलीची परीक्षा होती, आणि बंद करायचा राहिला.

"तुमच्या बाजूचा ब्रेक दाबा," ती म्हणाली.

मास्तर म्हणाले, बझर कधीचा बिघडलाय. तेवढ्यात सासूबाई पुढच्या सीटवर बसल्याही होत्या. त्यांनी पाय दाबला. टूं. मागून ट्रकवाला म्हणाला, उरलेला दिवा लागला. सासूबाईंना मजा वाटली, त्यांनी आणखी दोनदा वाजवलं.

"सवय गं," मास्तर म्हणाले. "ट्रक दिसला की पाय आपोआप जातो."

"मी चुकले होते का?"

मास्तरांनी ट्रककडे बघितलं. तिथून मदत आली नाही.

"नाही."

"मग फोन कशाला करायला लावत होतात?"

"गावात काय तोंड दाखवू? मास्तरनेच गाडी ठोकली म्हटल्यावर शिकायला येईल कोण?"

म्हणजे टपावरची पाटी वाचवायला यांनी बायको मोडीत काढली होती. वर पाणीही पाजलं होतं. ती ओरडली नाही. ट्रकवाल्याने दोरीने बंपर बांधून दिला, तिने त्याचे आभार मानले आणि किल्ली हातात घेतली.

"मागे बसा," ती म्हणाली.

मास्तर बसले. सासूबाई पुढेच राहिल्या, पट्टा लावला आणि सीटवर चक्क मांडी घालून बसल्या.

"माझ्याही पायांचा भरवसा नाही," त्या म्हणाल्या. "शेवटी आई याचीच."

आरशात दुसरा ट्रक येत होता. तिने बघितलं, अंतर जोखलं आणि पाय दाबला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मास्तर म्हणाले, घर मागे राहिलं. ती म्हणाली, लॅब पुढे आहे.

"झालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

थोड्या वेळाने मागून बारीक आवाज आला. "चौथा टाक आता."

"पाचव्यात आहे," ती म्हणाली.