कळव्याची भिशी

“पैसं आमचंच ना, भाऊसाहेब? मग आमालाच का नाय?”

रंगूबाई कोळीण काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी होती. खाडी ओलांडून कळव्याहून आली होती. टेंभी नाक्यावरच्या बँकेतले हेडक्लार्क गुरुदत्त कर्णिक नुसतेच टाक चाळवत बसले. तिचा कर्जाचा अर्ज फोर्टातल्या हेड ऑफिसातून परत आला होता. कोळ्याची होडी तारण म्हणून चालत नाही म्हणे!

“जुनी होडी सडली. नारळी पुनवेला नवी पान्यात नाय पडली, तर पोपट मुंबैला गिरनीत जानार. एकच पोरगा हाय माजा.”

“बाई, इथं जमलेला पैसा फोर्टात जातो. तिथून गिरण्यांना, मोठमोठ्या इमारतींना. आमच्या हातात काही नाही हो.”

“मंजी आमच्या पैशानं गिरनी चालनार, नि तिच्यात माजाच पोरगा राबनार?”

कर्णिकांनी परत आलेला अर्ज तिच्यापुढे सरकवला.

बरं, हे सगळं केलं कुणी? याच कर्णिकांनी. १९५१ साली रंगूबाईच्या अंगणात बसून, तिचाच चहा पिऊन, कोळणींना शहाणपण शिकवलं. त्यांची भिशी होती. तिच्यात चिठ्ठी टाकत नसत. जिच्या घरी अडचण मोठी, तिनं आधी उचलायची, बाकीच्यांनी थांबायचं. “हा अडाणीपणा सोडा, बँकेत व्याज मिळतं,” कर्णिक म्हणाले. भिशी मोडली, घरोघर खाती निघाली, कर्णिकांना बढती मिळाली. पेढे वाटले होते त्यांनी! आता ते आठवलं की त्यांना स्वतःचीच किळस येई.

रविवारी न राहवून ते कळव्याला गेले.

“बाई, भिशी पुन्हा सुरू करा. माझीही वर्गणी घ्या.”

रंगूबाई हसली. “आता कोन बसतंय? कमळी बोलली, माजं व्याज बुडंल. तिचं पन खरंच हाय. तुमीच शिकवलंत ना?”

आणि तिनं पुन्हा चहा टाकला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दसरा झाला आणि पोपट मुंबईला गिरणीत गेला. होडी मोडीत निघाली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे कर्णिकांना त्यांच्या बायकोनं, सुमतीनं उठवलं. “अहो, चला, बंब पेटवते. काल रंगूबाई येऊन गेली. दर दिवाळीला बिचारी मासळी आणते. म्हणाली, ‘यंदा म्हावरं नाय वैनी, ही लाकडं बंबाला व्हतील.’ माया बघा बाईची!”

बंबाशेजारी फळ्या रचल्या होत्या. डांबर लागलेल्या. वरच्या फळीवर नारळी पुनवेच्या जुन्या पूजेचं हळदकुंकू अजून पुसट दिसत होतं.

“जाळू नकोस,” कर्णिक म्हणाले.

“अगंबाई! मग पाणी कसं तापणार?”

कर्णिक तेल-उटणं लावून पाटावर बसले आणि गार पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतून घेतला.