रोबियाचं निळं

"हात वर कर," सबोहत म्हणाली. "आणि तोंड असं पाडू नकोस. मुलाखतीला निघालीयस, मयताला नाही."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. शेजारीण मनाची चांगली होती, पण तोंडाला कडी नव्हती. रोबियाने मुकाट्याने हात वर केले. अंगावरचा निळा झगा डोक्यावरून निघाला आणि सबोहतच्या कपाटातलं रेशमी अतलस अंगावर उतरलं. लाल, पिवळ्या, हिरव्या लाटांचं, खांद्यात सैल आणि कमरेला घट्ट.

"सासूला विचारलंस?"

"काय विचारू? आई, तुमच्या मुलाचं निळं वर्षाआधीच काढते, असं?"

नवऱ्यामागे बायकोने, मुलामागे आईने वर्षभर निळं घालायचं, आणि वर्ष भरलं की घरातल्या थोर बाईने आपल्या हाताने ते उतरवायचं, ही त्यांच्या मर्गिलान गावाची रीत. इल्होमला जाऊन वर्ष व्हायला अजून बराच अवकाश होता. मधेच कुणी उतरवलं तर मोहल्ला ते जन्मभर चघळत बसतो.

पण निळ्यात काम मिळत नाही, हेही रोबियाने पाहून घेतलं होतं. बालवाडीत म्हणाले, मुलं बिचकतात. बेकरीत म्हणाले, वर्ष भरल्यावर या. तोवर खायचं काय, ते कुणी सांगितलं नाही. आता राहिलं होतं लग्नाचं कार्यालय. बायकांच्या बाजूची व्यवस्था बघायची, दारात उभं राहून पाहुण्यांना या-बसा करायचं. तिथे निळं घालून गेली असती तर दारातूनच परत पाठवली असती. आणि हेही हुकलं की मग मॉस्को. नात्यातल्या दोघी तिथे बाजारात फरशा पुसत होत्या, त्या बोलावतच होत्या. म्हणजे लेकीला, दिलनुराला, गुडघ्यांनी अधू झालेल्या आजीपाशी टाकून जायचं. पोरीला बाप नाही, आणि आई फोनपुरती.

"जरा हस बघू," सबोहत म्हणाली.

रोबिया हसली नाही. तिला ते निळं काढायचंच नव्हतं, हे कुणाला सांगणार? निळ्यात असलं की कुणी फार विचारत नसे. थकलेलं दिसायची मुभा होती, मधेच डोळे भरून आले तरी चालत होतं. या रंगीबेरंगी कापडात तिला उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं.

कार्यालयाच्या मागच्या अंगणात बायका गाजरं सोलत बसल्या होत्या. मालकीण मलोखत-ओपा आतल्या खोलीत चहा पीत होती. दोन सोन्याचे दात, साठीची बाई, अख्ख्या गावाची सोयरीक तोंडपाठ.

"इल्होम वायरमनची बायको ना तू?"

"हो, ओपा."

"गुणी माणूस. आमच्या सगळ्या दिव्यांच्या माळा त्यानेच लावल्या होत्या." तिची नजर अतलसावरून फिरली. "पण वर्ष कुठे झालं गं अजून?"

"सासूबाईंनीच उतरवलं. म्हणाल्या, घर चालवायचंय."

थाप इतक्या सहज बाहेर पडली की रोबियाला स्वतःचीच धास्ती वाटली.

"इनोयत-आयांनी? त्या तर रीतीपासून केसभरही ढळायच्या नाहीत!" मलोखत-ओपाने पेला खाली ठेवला. "राग मानू नकोस हो. इथे पोरींचे संसार सुरू होतात. नवऱ्याला विसरलेली बाई दारात उभी केली, असं चार म्हाताऱ्या बोलल्या तर माझ्या दारात मांडव उभा राहायचा नाही."

आणि तिने फोन उचलला. नंबर लावला, स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवला.

"कोण, मलोखत? बोल."

"आया, तुमची सून आलीय माझ्याकडे. अतलस घालून. म्हणते, तुम्हीच निळं उतरवलंत. खरं का?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज तेवढा येत राहिला. रोबियाने डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं.

"खरंय," म्हातारी म्हणाली.

"वर्षाआधी?"

"मुलगा माझा, सून माझी. तुझ्या का पोटात दुखतंय? काम दे तिला. आणि पगार वेळेवर देत जा, तुझी कीर्ती आहे माझ्या कानावर."

मलोखत-ओपा खदखदून हसली, सोन्याचे दात दिसेपर्यंत. "सोमवारी ये," ती रोबियाला म्हणाली. "असलंच काहीतरी घालून."

परत येताना तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सबोहतच्या घरी तिने अतलस उतरवलं, पुन्हा निळं चढवलं, तेव्हा कुठे श्वास आला. वाटेत दोन नान घेतले आणि ती घरात शिरली.

सासू अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. रोबिया तिच्या पायाशी बसली.

"आई, चुकले मी."

म्हातारीने वर पाहिलं. "हे परत का घातलंस?"

"अजून वर्ष कुठे..."

"मी शब्द दिलाय. आता कुठलं वर्ष? एकदा उतरवलेलं परत चढवायचं नसतं. दुसरं मरण बोलावल्यासारखं होतं ते. घरात पोर आहे. काढ."

"मला नव्हतं काढायचं, आई." आता मात्र रोबियाला आवरेना. "तो गेल्यापासून बसून रडायलासुद्धा सवड मिळाली नाही मला. म्हटलं, निदान अंगावर तरी त्याचं काही राहील. तेही गेलं."

"ठाऊक आहे मला. काढ."

रीतीप्रमाणे निळं उतरवायच्या दिवशी बायका जमायच्या, दुवा मागायच्या, पातेलंभर पलाव शिजायचा. इथे अंगणात दोघीच. म्हातारी गुडघ्यांवर हात देत उठली. तिने सुनेच्या अंगावरचा झगा डोक्यावरून ओढून काढला, लहान मुलीचा काढावा तसा. शोक फिटल्याची खूण म्हणून पेटीतला पांढरा रुमाल काढून तिच्या केसांवर बांधला. रोबिया नुसत्या परकरावर, उघड्या खांद्यांनी उभी राहून रडत होती.

"आत जा, कपडे घाल. गारठशील."

रोबिया जुना फुलाफुलांचा झगा घालून बाहेर आली. सासूने सुनेचा निळा झगा झटकला होता, सुलटा केला होता, आणि आता ती तो स्वतःच्या निळ्यावरून अंगात घालत होती. झगा छातीशी अडला. तिने तो जोर करून खाली ओढला.

"आई, हे काय?"

"त्याचे महिने उरलेत ना अजून," म्हातारी म्हणाली. "कुणीतरी घालायला हवं."

मग दोन्ही झग्यांच्या बाह्या कोपरापर्यंत सारून तिने तांदळाचं ताट पुढे ओढलं.