पाचशे दहा चांदवे

सरलाबाईंना खरं तर कुणी बोलावलंच नव्हतं. नाताळच्या सुट्टीतल्या रविवारी उज्ज्वलाच्या कॉलेजची मुलं बारडोलीकडच्या तीन तळ्यांवर पक्षी मोजायला निघाली होती. ठरलेला जीपवाला ऐन वेळी येत नाही म्हणाला, तेव्हा उज्ज्वलाने भावाला हलवून उठवलं. योगेंद्रचा छोटा हत्ती टेम्पो सुरतेतल्या पर्वत पाटियाहून साड्यांचे गठ्ठे वाहायचा, रविवारी तो दारातच उभा असे. योगेंद्र तोंड धुऊन येईपर्यंत सरलाबाई लुगडं सावरून, भाकरीचं गाठोडं घेऊन तयार.

"मी बी येस," त्या म्हणाल्या. "माले घरमा काय काम शे?"

उज्ज्वलाने जागा नसल्याचं सांगून पाहिलं. गटाची प्रमुख म्हणून तिची ही पहिलीच खेप. बरोबरची मुलं सगळी गुजराती, आणि आई कुणाशीही अहिराणीतच बोलायला लागते, ही तिची खरी अडचण होती. सरलाबाईंना ती कळली नाही असं नाही. पण लग्न होऊन सुरतेला आल्यापासून पंचवीस वर्षांत त्यांनी धुळ्याच्या गाडीशिवाय दुसरी वाट पाहिली नव्हती. योगेंद्र म्हणाला, पुढे तिघं आरामात बसतात. तिथे विषय संपला. मोजणी चालू असताना बोलायचं नाही, एवढी एक अट उज्ज्वलाने घातली.

मागच्या हौद्यात गोधड्या पांघरून चार मुलं बसली. त्यांच्या प्राध्यापिका अश्विनी मॅडम स्कूटरवर मागोमाग येत होत्या. कडोदरा ओलांडलं आणि उसाच्या ट्रकांमागे गाडी रांगायला लागली. धुक्यात पुढच्या ट्रकमधल्या उसाचे नुसते शेंडे हलताना दिसत. चहाला थांबले तेव्हा सरलाबाईंनी गाठोडं सोडलं. कळण्याची भाकरी, हिरव्या वांग्याचं भरीत आणि वर कांद्याची पात. मुलांनी आधी मान हलवून नको म्हटलं आणि मग गाठोडं रिकामं केलं. तिथून पुढे त्या सगळ्यांच्या मासी, म्हणजे मावशी, झाल्या.

पहिल्या तळ्यावर फारसं काही नव्हतं. दुसरं तळं मात्र काळंभोर दिसत होतं. पाण्यावर चांदवे उतरले होते, कपाळावर पांढरा टिळा असलेले, कोंबडीएवढे काळे पक्षी. मुलांनी दुर्बिणी लावल्या. एकाने चारशे सांगितले, दुसऱ्याने सहाशे, तिसरा मधेच चुकून पुन्हा एकपासून सुरू झाला. कागदावर एकच आकडा लिहायचा होता आणि तो ठरवायचा होता उज्ज्वलाने. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम मुद्दामच दुसरीकडे पाहत राहिल्या.

लेकीच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या सरलाबाईंना दिसल्या. लहानपणी गणित अडलं की व्हायच्या तशाच. पंधरा वर्षं त्या घरी बसून साड्यांवर चमकीचे खडे चिकटवत होत्या. नवी साडी समोर आली की तिला किती खडे लागतील हे त्यांना नुसतं बघून सांगता यायचं. अट त्यांना आठवत होती. पण राहवेना.

"एक वीतभर मोज," त्या हळूच म्हणाल्या. "मग विती मोज."

"आई, हे साडीवरचे खडे नाहीत. हे हलतात."

"हलू दे. तळ्याच्या बाहेर तर जात नाहीत ना?" सरलाबाईंनी हात लांब करून पंजा ताणला आणि एक डोळा मिटला. "काठाला दाट आहेत, पदरासारखे. मधे विरळ. दाट वेगळे मोज, विरळ वेगळे."

उज्ज्वला क्षणभर त्यांच्या पंजाकडे बघत राहिली. मग तिनेही हात लांब केला. काठाच्या एका वितीत चौसष्ट भरले आणि तशा सहा विती झाल्या. मधल्या पाण्यात वितीला चौदा आणि विती नऊ. तिने कागदावर गुणाकार केला आणि पाचशे दहा लिहिले. मुलांनी लगोलग फोटो काढले. पेन खाली ठेवते न ठेवते तोच एक दलदली भोवत्या, घारीएवढा शिकारी पक्षी, बाभळीआडून पाण्यावर आला आणि सगळे चांदवे फडफडत एका जागी गोळा झाले.

"आता मोजा," सरलाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा उज्ज्वला हसली.

दुपारी बांधावर बसून मुलांनी फोटोतल्या एकेका चांदव्यावर ठिपका दिला. पाचशे सतरा निघाले. मॅडमनी दोनदा तपासलं आणि मग सरलाबाईंशेजारी येऊन बसल्या. गर्दीतले पक्षी आम्हीही असेच तुकडे पाडून मोजतो, म्हणाल्या, पण हे माझ्या मुलांना शिकवायला मला दोन हिवाळे लागतात.

तिसऱ्या तळ्यावर लांब गुलाबी पायांचे शेकाटे होते. उज्ज्वलाने आपली दुर्बीण आईच्या गळ्यात घातली.

"पलीकडचा काठ तू घे," ती म्हणाली.

सरलाबाईंनी घेतला. शेकाटे त्र्याऐंशी झाले. शेवटी मोजणाऱ्यांची नावं लिहायची होती. उज्ज्वलाने 'सरलाबाई सुकलाल बडगुजर' असं पूर्ण नाव लिहिलं. पुढे अनुभवाचा रकाना होता, तिथे तिचं पेन थांबलं. मॅडम म्हणाल्या, पंधरा वर्षं लिही.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा त्यांचे यजमान सुकलाल रात्रपाळीची झोप काढून चहा पीत बसले होते. आयुष्यभर कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात काम केल्याने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून सरलाबाईंनी सगळं मोठ्याने आणि दोनदा सांगितलं. शेजारच्या दोन बायकाही दाराशी येऊन ऐकून गेल्या. सुकलालांनी एकच विचारलं, उडून जाणारी पाखरं मोजून उपयोग काय?

सरलाबाईंनी लेकीकडे पाहिलं. उज्ज्वला म्हणाली, यंदा किती आले ते ठाऊक असेल तरच पुढच्या वर्षी कमी आले की जास्त ते कळणार.

"म्हणजे पुढच्या वर्षीही जायला लागणार," सुकलाल म्हणाले.

"हो तर," सरलाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातला रिकामा कप घेऊन आत गेल्या.