बेलफोर्टसाहेबांची नळयोजना

चहात साखर किती घालायची हे सुगतला विचारायचं होतं, पण टेबलाशी बसलेले दोघंही गप्प होते. मिसेस पॅट्रिस हातमोजे मांडीवर ठेवून समोर पाहत होत्या आणि हेर बेलफोर्ट खिडकीबाहेर. पंचवीसेक वर्षांनी ते भेटत होते.

शेवटी मिसेस पॅट्रिस म्हणाल्या, "मिनिस्टर, मी मुद्दाम तुमच्यासाठी आखनला आले."

सुगतचा हात थांबला. एवढी वर्षं तो या घरात राहत होता, पण आपल्या घरमालकांना कुणी अशी हाक मारलेली तो पहिल्यांदाच ऐकत होता.

सुगत वाशीमकडचा. जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठात पीएच.डी.ला आला तेव्हा त्याला खोली मिळेना. फोनवर होकार देणारे लोक, तो दारात उभा राहिला की खोली कालच गेली म्हणायचे. पत्ता नाही म्हणून आनमेल्डुंग होईना आणि ती नोंदणी नाही म्हणून व्हिसाचं काम अडलेलं. परत जावं लागणार असं त्यानं मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. अशात विद्यापीठाच्या फलकावरची एक जाहिरात वाचून तो या घरी आला. बस कंपनीचं जुनं जाकीट घातलेल्या एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय गृहस्थांनी दार उघडलं. बर्फ पडल्यावर फूटपाथ साफ करशील ना, एवढंच त्यांनी विचारलं आणि किल्ली हातात दिली. दुसऱ्या दिवशी नोंदणी कचेरीतही ते स्वतः सोबत आले.

सुगतनं आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा प्रभाबाई जरा घाबरल्या. "हेर म्हणजे? पोलिसातले हायेत का?" हेर म्हणजे इकडे श्रीयुत, असं त्यानं समजावलं. पण त्यांना ते पटलं नाही. त्यांच्यापुरते ते बेलफोर्टसाहेब झाले.

बेलफोर्टसाहेबांची हकीकत सुगतला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. कॅरिबियन समुद्रातलं सेंट ऑरेल हे त्यांचं बेट. नकाशात एवढं लहान, की त्याचं नाव पाण्यावर छापावं लागतं. तरुणपणी ते आखनला शिकले, बेटावर परतले आणि देश स्वतंत्र झाल्यावर पुढे अर्थमंत्री झाले. अर्थमंत्रालय म्हणजे जकातीच्या गोदामावरचा एक मजला. परदेशातून मदत आली तेव्हा पंतप्रधानांना नवा बंगला हवा होता आणि उत्तरेकडच्या गावांना प्यायला पाणी नव्हतं. बेलफोर्टसाहेबांनी नळयोजनेवर सही केली आणि बंगल्याची फाइल परत पाठवली. पुढे ते वाटाघाटींसाठी बॉनला, पश्चिम जर्मनीच्या तेव्हाच्या राजधानीत आलेले असताना त्यांना मंत्रिमंडळातून काढल्याची बातमी रेडिओवर आली. परत आलात तर तुरुंगात जाल, असा मित्रांचा निरोप होता. ते एक सुटकेस घेऊन आखनला आले, विद्यार्थी असताना जिच्याकडे राहिले होते त्या घरमालकिणीच्या, फ्राऊ हिल्डेच्या दारात. तिनं काही विचारलं नाही. सूप गरम केलं आणि वरची खोली उघडून दिली. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी शहरातल्या बस कंपनीच्या ऑफिसात नोकरी केली. हिल्डेनं मरताना घर त्यांच्या नावे केलं. सुगत एकदा त्यांचे आभार मानायला लागला तर ते त्याला स्मशानभूमीत घेऊन गेले, हिल्डेच्या थडग्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, इथे मान.

मिसेस पॅट्रिस त्या काळी त्यांच्या मंत्रालयात टायपिस्ट होत्या. आता त्याच मंत्रालयाच्या सचिव झाल्या होत्या. जर्मनीतल्याच एश्बॉर्नला एका प्रशिक्षणासाठी आल्या होत्या, सुटीचा दिवस काढून गाडीनं इकडे आल्या. नव्या इमारतीच्या व्हरांड्यात सगळ्या माजी अर्थमंत्र्यांचे फोटो ओळीनं लावलेत, त्यांनी सांगितलं. बेलफोर्टसाहेबांचा तेवढा नाही. नव्या सरकारनं तो लावायचं ठरवलं आहे, आणि त्या समारंभाला त्यांनी यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.

विमानप्रवास डॉक्टरांनी बंद केलाय, हेर बेलफोर्ट म्हणाले. "आणि फोटो कशाला? मी तिथे वर्षभरसुद्धा नव्हतो. माझ्या हातून झालं काय?"

मिसेस पॅट्रिस त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मिनिस्टर, तुम्हाला माहीत नाही?"

"काय?"

"पाइप जहाजातून उतरले होते. तुम्हाला काढल्यावर त्यांचं काय करायचं ते कुणालाच कळेना. शेवटी गावच्या लोकांनीच चर खणले."

"पाणी आलं?"

"आलं. माझ्या आईच्या दारात आलं. त्याआधी ती रोज टेकडी उतरून झऱ्यावर जायची. मी आभार मानायला आलेय. फोटो हे निमित्त."

हेर बेलफोर्टनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा पुसला. मग सुगतला जर्मनमध्ये म्हणाले, "आल्झो, चला, चहा गार होतोय."

आपल्यामुळे तिथल्या कुणाला त्रास नको म्हणून त्यांनी इतक्या वर्षांत बेटावर एक पत्रही लिहिलं नव्हतं. राज्य बदलल्यावर लिहिता आलं असतं. पण तोवर विचारायचीच भीती वाटायला लागली होती, असं नंतर ते सुगतला म्हणाले.

मिसेस पॅट्रिसनी पर्समधून कॅमेरा काढला. टाय हवा, असं हेर बेलफोर्ट म्हणाले. सुगत वर जाऊन स्वतःचा घेऊन आला. म्हाताऱ्या बोटांना गाठ जमेना, तेव्हा त्यानंच ती बांधून दिली. फोटो स्वयंपाकघरातच निघाला.

मिसेस पॅट्रिस स्टेशनवर गेल्यावर सुगतनं आईला फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं. प्रभाबाईंची आई घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणाला दया येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. ते त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं. सुगतचं बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं नळ कधी येते?"

सुगतला माहीत नव्हतं. आईला थांबायला सांगून तो खाली गेला आणि आईचा प्रश्न त्यानं जसाच्या तसा हेर बेलफोर्टना विचारला. ते गोंधळले. हा प्रश्न त्यांनाही सुचला नव्हता. मिसेस पॅट्रिस मोबाइलचा नंबर ठेवून गेल्या होत्या. चष्मा लावून हेर बेलफोर्टनी तो स्वतः फिरवला. गाडीतून त्या काय म्हणत होत्या ते सुगतला ऐकू आलं नाही, पण हेर बेलफोर्ट अधूनमधून हसत होते, आणि मधेच बेटावरच्या बोलीत काहीतरी विचारत होते. ती बोली सुगतनं त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"सकाळी," फोन ठेवून ते म्हणाले. "पोरं शाळेत जायच्या आधी. संध्याकाळी पुन्हा."

सुगतनं वर जाऊन आईला ते सांगितलं. तो परत खाली आला तेव्हा ते जिन्याच्या पायरीशी उभे होते, टाय अजून गळ्यात तसाच.

"तुझी आई काय म्हणाली?"

सुगतनं इंग्रजीत सांगितलं. ते नको, तिचे शब्द सांग, असं ते म्हणाले.

"मंग बरं हाय," सुगत म्हणाला.

हेर बेलफोर्टनी कठड्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सावकाश उच्चारून पाहिला. "मंग. बरं. हाय."