सुहासिनीची साक्ष

विघ्नेशच्या वकिलाने आणलेल्या प्रतिज्ञापत्रावर सुहासिनीबाईंनी सही केली, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. त्यात लिहिलं होतं, 'माझी सून उन्नती तापाने फणफणलेल्या मुलीला टाकून कामावर निघून गेली.'

"अरे, पण तिला मीच..." त्या म्हणाल्या.

"गेली होती ना ती? मग खोटं काय आहे त्यात?" विघ्नेश चिडला. "आई, तुला नात हवी आहे की नको?"

नात हवी होती. अनुष्काशिवाय वसईजवळच्या उमेळ्यातला तो फ्लॅट त्यांना खायला उठायचा. उन्नती मुलीला घेऊन माहेरी गेली, विघ्नेशने घटस्फोटाचा आणि मुलीच्या ताब्याचा दावा लावला, आणि साक्षीला घरचं माणूस म्हणून आईच उभी राहिली.

साक्षीच्या दिवशी वसईच्या कोर्टात विघ्नेश वकिलांना शोधायला पुढे गेला. सुहासिनीबाई जिन्याशी थबकल्या. मागून कुणीतरी दंडाला धरलं. उन्नती होती.

"सावकाश आई. गुडघ्याची गोळी घेतलीत का?"

"घेतली," त्या म्हणाल्या. हेही खोटंच. वर पोहोचेपर्यंत त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिने त्यांना बाकावर बसवलं आणि ती दूर जाऊन उभी राहिली.

उलटतपासणी उन्नतीच्या वकील ज्युली मॅडमनी घेतली. आवाज अजिबात न चढवता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मुलीला ताप होता. उन्नती घरी थांबणार होती की नाही?"

"थांबणार होती."

"मग गेली कशी?"

विघ्नेश डोळे रोखून बघत होता.

"मी पाठवलं तिला. तिच्या बँकेत ऑडिट होतं. म्हटलं, जा गं, मी आहे ना."

"हे प्रतिज्ञापत्रात का नाही?"

"लिहिणाऱ्याने विचारलं नाही." मग मान खाली घालून म्हणाल्या, "आणि मी सांगितलं नाही."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. लिहिलं जात असताना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सुहासिनीबाईंना झालं. रिक्षात विघ्नेश बाहेर तोंड करून बसला. नंतरही बरेच दिवस तो ताटावर बसायचा, जेवायचा आणि उठायचा.

दावा मात्र तिथेच खचला. प्रकरण मध्यस्थाकडे गेलं आणि अखेर संमतीने घटस्फोट ठरला. अनुष्का आईजवळ राहील, एका आड एक शनिवार-रविवार बापाकडे येईल.

पहिल्या शनिवारी उन्नती मुलीला सोडायला आली, ती गेटपाशीच थांबली. सुहासिनीबाई खाली गेल्या. अनुष्का त्यांच्या कमरेला बिलगली.

"उन्नती, चुकलं गं माझं. कोर्टात मी सगळं..."

"खरं बोललात, ते ऐकलं मी," उन्नती शांतपणे म्हणाली. "पण आई, त्याआधी सही केलीत, तेही मी वाचलं होतं."

उन्नतीने वाकून मुलीच्या गालावरून हात फिरवला. "उद्या संध्याकाळी येते," म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

"आजी, चल ना वर," अनुष्का हात ओढत होती. सुहासिनीबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि त्या तिच्यामागून जिना चढू लागल्या.