पिठातलं पाऊल

अडतीस सालची गोष्ट. संतराम पुण्याच्या एका सिनेमा कंपनीत हालती चित्रं काढायचा. लांडगा पडद्यावर दहा पावलं चालावा म्हणून दीडशे चित्रं! कंपनीचा मालक म्हणाला, "तुझा लांडगा गाढवासारखा चालतो." म्हणून खरा लांडगा बघायला संतराम औंढ्याजवळच्या आपल्या गावी आला, तो परत गेलाच नाही. दोन वर्षं झाली, माळावर एका बिळासमोर पालथा पडून लांडगीण कधी उठते, पिलांना काय भरवते, ते वहीत लिहीत होता. कागदी लांडग्याला पगार होता, खऱ्याला फुकट. गावाला ही बढती फार आवडली. "मनकर्णाचे सोमवार फळले गं," बाया म्हणत.

मनकर्णा म्हणजे त्याची बायको. सोमवारचा उपास करी आणि वह्यांना वाळवी लागू नये म्हणून त्यांत कडुनिंबाचा पाला घाली.

मग लिंबाजी धनगराची तीन कोकरं गेली. जमीनदार माणिकरावांनी हुकूम सोडला, "सोमवारी बिळाला धुरी द्या. पिलं बी सोडू नका."

आदल्या संध्याकाळी संतरामनं मेंढवाड्याभोवती राख चाळून टाकली. सकाळी तीत पावलं होती आणि भोवती धुरीच्या पेंढ्या घेतलेलं गाव होतं.

संतराम म्हणाला, "लांडगा सरळ एका रेषेत चालतो. हे भरकटलंय. कुत्रं हाय, अन् मधलं नख तुटलेलं."

तुटक्या नखाचं कुत्रं कोणाचं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सगळे आभाळाकडे बघू लागले.

"लांडगाच हाय," माणिकराव म्हणाले. "चितारी मला जनावर शिकवून राहिला!"

"व्हय मालक, बराबर," लिंबाजी म्हणाला. कोकरं त्याची होती, पण चराईचा माळ माणिकरावांचा होता.

संतरामचं तोंड उतरलं. मनकर्णा बेलाचं तबक घेऊन महादेवाला निघाली होती, ती थांबली.

"भाऊजी, नक्की लांडगाच ना?" तिनं माणिकरावांना हळूच विचारलं.

"नक्की!"

"मग भ्या वाटून राहिलं बाई. तुमचे वडील, मोठे मालक, वारले तवा कोणत्या जन्माला गेले ते बघायला दिव्यापाशी पीठ पसरून वर टोपलं झाकलं होतं. सकाळी टोपलं कलंडलेलं अन् पिठात हेच पाऊल. मधलं नख तुटकं. सगळे गाईचं म्हणले, म्हणून मी गप बसले."

लिंबाजीनं पेंढी टाकली आणि हात जोडले. "मोठे मालक!"

माणिकराव दोनदा खाकरले. घरातलं कुत्रं चोर की वडील लांडगा, एक काहीतरी कबूल करणं भाग होतं. त्यांनी वडील दिले. धुरी राहून गेली. कुत्रं मात्र त्याच दुपारी साखळीला बांधलं गेलं. पुन्हा कोकरू गेलं नाही. मोठे मालक तृप्त झाले, असं गावानं ठरवलं.

"तुला ठावं होतं ना, ते कुत्रंच म्हणून?" संतरामनं घरी विचारलं.

"मी लांडगा म्हणले का? उपासाच्या दिवशी खोटं कशाला बोलू?"

पुढच्या सोमवारी गावानं बिळापुढे नैवेद्य ठेवला. संतरामनं वहीत लिहिलं : 'पुरणपोळी. लांडगिणीने हुंगली, खाल्ली नाही.'